वाचकांचे प्रश्न : बेरिंग समुद्रातील खेकड्यांच्या बोटी

मागील अंकात या सदरात मी अलास्काच्या पश्चिमेला पसरलेल्या बेरिंग समुद्राविषयी आणि तेथे हिवाळ्यात चालणाऱ्या खेकडेमारीविषयी थोडक्यात लिहिले होते. व्यापारी जहाजावर अधिकारी म्हणून नोकरी करत असताना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जपानकडे जाताना आमचा मार्ग अल्यूशियन बेटांमधील युनिमॅक खिंडीतून जात असे, आणि त्या काळोखात लांबवर पिवळ्या दिव्यांचे पुंजके हेलकावताना दिसत, एवढाच माझा त्या बोटींशी प्रत्यक्ष संबंध. तरीही त्या दिव्यांखाली कोण उभे असेल, हा विचार मनातून कधी गेला नाही, आणि नंतर त्या बोटींच्या अपघातांचे चौकशी अहवाल मी लक्षपूर्वक वाचत आलो. लेखावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : दूरचित्रवाणीवर या बोटींचे कार्यक्रम मी नेहमी पाहतो. त्यात दिसते ते खरे असते का? तेथील खलाशाचा दिवस नेमका कसा जातो? (महाविद्यालयीन विद्यार्थी, अलिबाग)

दिसते ते खरे आहे, परंतु ते अपुरे आहे. कॅमेरा उसळलेल्या लाटेवर थांबतो. खलाशाचा दिवस मात्र एकाच कामाच्या शेकडो आवर्तनांत जातो, आणि माझ्या मते मोठे धोके त्या आवर्तनांतच असतात.

बोटीवर साधारणपणे पाच ते सात माणसे असतात. त्यांत एक कप्तान, एक इंजिन सांभाळणारा आणि बाकीचे डेकवर काम करणारे. त्यांच्यापैकीच एखादा स्वयंपाकही पाहतो. खेकडे धरण्याचा पिंजरा म्हणजे पोलादी चौकट आणि तिच्यावर ताणलेले नायलॉनचे जाळे. सर्रास वापरला जाणारा पिंजरा ७ फूट लांब, ७ फूट रुंद आणि सुमारे ३ फूट उंच असतो, आणि रिकामाच ६०० ते ८०० पौंड, म्हणजे २७० ते ३६० किलो भरतो. असे शंभर-दोनशे पिंजरे डेकवर थरांवर थर रचून बोट डच हार्बर किंवा कोडियाकसारख्या बंदरातून निघते. मासेमारीच्या जागी पोहोचल्यावर प्रत्येक पिंजऱ्यात हेरिंगचा चेचलेला चारा आणि कॉड माशाचे तुकडे अडकवून ते एका ओळीत समुद्रात सोडले जातात, आणि काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी बोट त्या ओळीवर परत येते.

तेव्हा खरे काम सुरू होते. एक जण दोराला बांधलेली गळाची आकडी फेकून पिंजऱ्याचे बोये धरतो, दोर हायड्रॉलिक कप्पीवर चढवला जातो, खालून पिंजरा वर येतो, त्याला आकडा लावून कठड्याजवळच्या उचलत्या चौकटीवर घेतात, दार उघडून खेकडे टेबलावर ओततात, निवड होते, पिंजऱ्यात नवा चारा लागतो, पिंजरा पुन्हा पाण्यात, त्यामागे दोराची वेटोळी आणि त्यामागे बोये. सरावलेली माणसे हे सारे काही मिनिटांत उरकतात आणि लगेच पुढचा पिंजरा येतो. हे दिवसभर, आणि मासळी लागत असेल तर रात्रभरही. सलग वीस तासांपेक्षा अधिक काम करून मग तीन-चार तास झोप, तीही ओल्या कपड्यांच्या वासात आणि सतत आपटणाऱ्या बोटीत, असे दिवस हंगामात अनेकदा येतात.

आता यात माणूस कोठे दगावतो ते पाहा. पिंजरा पाण्यात गेला की त्याच्यामागे दोर वेगाने धावतो, आणि त्या वेटोळ्यात कोणाचा पाय असेल तर तो माणूस पिंजऱ्याबरोबर तळाला जातो. बोट कलली असताना हवेत लटकलेला तीनशे किलोंचा पिंजरा झोका घेतो आणि त्याच्या व कठड्याच्या मध्ये सापडलेल्याची छाती चिरडते. उंच रचलेल्या पिंजऱ्यांवर चढून साखळ्या सोडणारा खलाशी बर्फावरून घसरतो. हे सारे तो माणूस पहिल्या दिवशी करत नाही. पहिल्या दिवशी तो घाबरलेला आणि सावध असतो. पंधराव्या दिवशी, सोळाव्या तासाला, बोटे सुजून मूठ मिटेनाशी झालेली असताना तो पाय कोठे ठेवतो इकडे त्याचे लक्ष राहत नाही. तुम्ही कार्यक्रम पाहाल तेव्हा लाटेकडे न पाहता खलाशांच्या पायांकडे पाहा.

प्रश्न : आम्ही चिंबोऱ्या विकतो. गिऱ्हाईक लाखेने, म्हणजे अंड्यांनी, भरलेली मादी आधी मागते. तिकडे माद्या परत सोडतात असे तुम्ही लिहिले, ते कसे परवडते? (मासळी विक्रेत्या, वसई)

तेथे मादी धरण्यास कायद्याने बंदी आहे. पोटाखालची घडी मादीची रुंद असते आणि नराची निमुळती, हे तुम्हाला सांगायला नकोच. तेथील खलाशीही तेच पाहतात आणि एका क्षणात निवड करतात. नरांतही ठरावीक मापापेक्षा लहान असेल तो परत जातो. ब्रिस्टल उपसागरातील लाल किंग खेकड्याची पाठ काट्यांसह किमान साडेसहा इंच रुंद भरावी लागते आणि त्यासाठी टेबलावर मोजपट्टी असतेच. आणखी एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक पिंजऱ्याच्या जाळ्यात एक भाग सुती धाग्याने शिवावा लागतो. दोर तुटून पिंजरा तळाशी हरवला, तर काही काळाने सूत कुजते, तेथे भोक पडते आणि आतले खेकडे बाहेर निघून जातात. नाहीतर तो पिंजरा वर्षानुवर्षे विनाकारण जीव मारत राहिला असता.

प्रश्न : मी तीस वर्षे तांडेल आहे. आमच्या बोटी लाकडाच्या आणि फायबरच्या. त्यांच्या शंभर फुटी, पोलादी. तरी त्या उलटतात आणि एवढ्या लवकर बुडतात की माणसांना सांगायलाही वेळ मिळत नाही, हे कसे? दुसरे, आपली बोट उलटायच्या बेतात आहे हे आधी कळण्याची काही खूण आहे का? (तांडेल, हर्णै)

तुमचे पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या सदराच्या शेवटी स्वतंत्रपणे देतो, पहिल्याचे येथे.

बोट पोलादी आहे म्हणून ती सुरक्षित आहे असे नाही, आणि मोठी आहे म्हणूनही नाही. वजन किती आहे, यापेक्षा ते किती उंचावर आहे याला अधिक महत्त्व असते. लाटेने बोट एका बाजूला कलली की पाण्याचा दाब तिला पुन्हा सरळ करू पाहतो. पण डेकवर उंचावर वजन चढत गेले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि तिला सरळ करणारा जोर कमी कमी होत जातो. बाहेरून काही दिसत नाही, बोट तरंगत असते, चालत असते, फक्त तिच्या अंगातला तो जोर संपत आलेला असतो. मग नेहमीसारखीच एक लाट येते आणि बोट कलते ती परत येत नाही.

खेकड्यांच्या बोटीवर हे वजन तीन वाटांनी चढते. पहिली वाट पिंजऱ्यांची. दुसरी बर्फाची, आणि ती सर्वांत वाईट. हवा गोठणबिंदूच्या बरीच खाली आणि वारा जोरात असला की नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, उडणारे तुषार जेथे पडतील तेथे गोठतात. सपाट डेकवर बर्फ साचला तर एक वेळ फोडता येतो, परंतु रचलेल्या पिंजऱ्यांची जाळी म्हणजे शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग हवेत टांगून ठेवल्यासारखे आहे. केवळ शंभर चौरस मीटरवर अडीच सेंटीमीटर जाडीचा बर्फ धरला तरी त्याचे वजन दोन टनांहून अधिक होते, आणि ते सारे वजन डेकच्या वर, शिवाय बहुधा वाऱ्याच्या बाजूला अधिक. म्हणून मध्यरात्री सर्वांना उठवून हातोडे आणि दांडकी घेऊन बर्फ फोडायला लावतात. तिसरी वाट टाकीची. खेकडे जिवंत ठेवण्यासाठी पोटातल्या टाक्यांत समुद्राचे पाणी सतत फिरवत ठेवतात. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर ते पाणी तोल राखण्यास मदतच करते. ती अर्धी असेल तर बोट कलेल त्या बाजूला सारे पाणी धावते आणि तिला आणखी खाली दाबते.

तीन अपघात सांगतो, कारण त्यांतून ही गोष्ट स्पष्ट होते. १५ जानेवारी २००५ रोजी, हिम खेकड्याच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी, सेंट पॉल बेटाच्या परिसरात 'बिग व्हॅली' ही बोट उलटली. सहा जणांपैकी पाच गेले. तिच्या स्थिरतेच्या कागदपत्रांनुसार तिने ३१ पिंजरे न्यायचे होते. तिच्यावर ५५ होते. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी पहाटे सेंट जॉर्ज बेटाजवळ 'डेस्टिनेशन' सहाच्या सहा माणसांसह बुडाली. संकटाचा एक शब्दही रेडिओवर ऐकू आला नाही; पाण्यात पडल्यावर आपोआप चालू होणाऱ्या संकेतयंत्राने तेवढी बातमी दिली. त्या बोटीवर २०० पिंजरे होते. तिच्या स्थिरतेच्या पुस्तिकेत एका पिंजऱ्याचे वजन ७०० पौंड गृहीत धरलेले होते. चौकशीत समुद्रतळावरून वर काढून तोलल्यावर ते ८४० पौंडांच्या आसपास भरले. एका पिंजऱ्यामागे १४० पौंडांची ही चूक दोनशेने गुणली तर साडेबारा टनांहून अधिक वजन होते, जे कोणाच्याही हिशेबात नव्हते. त्यावर त्या रात्रीचा बर्फ. तिसरी 'स्कँडीज रोझ', ३१ डिसेंबर २०१९ च्या रात्री सटविक बेटाजवळ बुडाली. सातांपैकी दोघे वाचले. तिच्या कप्तानाने पुस्तिकेचा मान राखला होता, परंतु पुस्तिकेतील गणितच सदोष होते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले.

हे वाचून कोणी म्हणेल की बेरिंग समुद्रात बर्फ आहे म्हणून हे घडते. तसे नाही. फेब्रुवारी १९८३ मध्ये डच हार्बरहून निघालेल्या 'अमेरिकस' आणि 'अल्टेअर' या एकाच साच्याच्या दोन बोटी काही तासांच्या अंतराने नाहीशा झाल्या आणि चौदा माणसे गेली. त्या दिवशी हवामान फारसे वाईट नव्हते. त्या बोटींवर ट्रॉल मासेमारीची, म्हणजे जाळे ओढत नेऊन मासे धरण्याची, जड अवजारे नव्याने बसवली होती आणि स्थिरतेचा हिशेब मात्र जुनाच राहिला होता. तांडेलसाहेब, ही गोष्ट कोणत्याही समुद्रात, कोणत्याही बोटीवर घडू शकते.

प्रश्न : या धंद्यातील मृत्यू आता कमी झाले आहेत, असे आपण लिहिले आहे. ते तंत्रज्ञानामुळे की कायद्यामुळे? (शिक्षक, नाशिक)

दोन्हींचा वाटा आहे, परंतु माझ्या मते सर्वांत मोठा वाटा एका साध्या कृतीचा आहे.

१९९० च्या दशकात बेरिंग समुद्र आणि अल्यूशियन बेटांच्या परिसरातील खेकडेमारीत दरवर्षी सरासरी सात-आठ माणसे मरत. आकडा लहान वाटेल, पण हा काही शे बोटींचा, वर्षातून थोडेच आठवडे चालणारा धंदा होता हे ध्यानात घेतले तर तो भयंकर आहे. १९८८ च्या मासेमारी बोट सुरक्षा कायद्याने तरंगते पोशाख, फुगणारे तराफे, संकेतयंत्रे आणि दर महिन्याची कवायत बंधनकारक केली. त्याचा फायदा झाला. मात्र ही सारी साधने बोट बुडाल्यानंतरची आहेत. बोट बुडूच नये यासाठी काय, हा प्रश्न उरलाच होता. ऑक्टोबर १९९९ पासून अमेरिकी तटरक्षक दलाने हंगाम सुरू होण्यापूर्वी धक्क्यावरच बोटींवर जाऊन पिंजरे मोजायला आणि ते त्या बोटीच्या स्थिरतेच्या कागदाशी ताडून पाहायला सुरुवात केली. अधिक असतील तर बोट धक्का सोडणार नाही. एवढेच. त्यानंतरच्या दहा वर्षांत मृत्यूंची सरासरी वर्षाला एकाच्या आसपास आली.

दुसरा बदल २००५ चा. त्यापूर्वी लाल किंग खेकड्याचा हंगाम म्हणजे शर्यत होती. साऱ्या ताफ्याला मिळून एक मर्यादा ठरलेली असे आणि ती पुरी होईपर्यंत जो जितके काढील तितके त्याचे. त्यामुळे वर्षाचा सारा हंगाम तीन ते पाच दिवसांत आटोपत असे. त्या तीन दिवसांत वादळ आले तरी थांबणे म्हणजे वर्ष बुडवणे. झोपणे म्हणजे दुसऱ्याला देऊन टाकणे. २००५ पासून प्रत्येकाचा हिस्सा आधीच ठरवून दिला जाऊ लागला आणि कप्तानाला वादळात आडोशाला थांबण्याची मोकळीक मिळाली. खलाशाला धाडसी म्हणणे सोपे आहे. पण ज्या व्यवस्थेत सावध माणूस उपाशी राहतो तेथे ते धाडस त्याने स्वतः निवडलेले नसते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

प्रश्न : मग त्या बदलाने खलाशांचे भलेच झाले, असे म्हणायचे का? (वरीलच वाचक)

जिवाचे झाले, खिशाचे तसे म्हणता येत नाही. २००४ मध्ये किंग खेकड्यासाठी सुमारे अडीचशे बोटी उतरल्या होत्या, पुढच्याच वर्षी त्या नव्वदच्या आत आल्या, कारण अनेक मालकांनी आपला हिस्सा दुसऱ्याच्या बोटीला भाड्याने दिला. शेकडो खलाशांचे काम गेले. उरलेल्यांना वाट्यावर काम मिळते, तुमच्या-माझ्या किनाऱ्यावरील वाटणीसारखेच: विक्रीतून इंधन, चारा, धान्य वजा करून उरलेल्या रकमेचे काही टक्के अनुभवी खलाशाला आणि त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी नवशिक्याला. परंतु आता त्या वजावटीत हिश्श्याचे भाडेही धरले जाते, आणि काही वेळा तेच एकूण उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असते. जो माणूस घरी बसून भाडे घेतो त्याच्यापेक्षा जो डेकवर उभा आहे त्याला कमी मिळावे, हे मला अन्यायाचे वाटते आणि तेथील खलाशांची तक्रारही तीच आहे. सुरक्षितता आणि न्याय्य वाटणी या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत असे मात्र मुळीच नाही.

प्रश्न : माणूस त्या पाण्यात पडला तर किती वेळ वाचतो? पोहता येत असेल तर काही उपयोग होतो का? (गृहिणी, ठाणे)

हिवाळ्यात त्या पाण्याचे तापमान शून्याच्या थोडे वर असते. सर्वसाधारण समजूत अशी की माणूस गारठून मरतो. प्रत्यक्षात बरेच जण गारठण्याइतके जगतच नाहीत. थंड पाण्याचा पहिला धक्का बसताच श्वास अनावर होतो, माणूस हापापतो, आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जाते. हे पहिले एक-दोन मिनिटांचे संकट. त्यातून निभावला तर पुढच्या दहा मिनिटांत हातापायांचे स्नायू काम देईनासे होतात. दोर हाती आला तरी धरता येत नाही. पट्टीचा पोहणाराही तेथे थांबतो. शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो, पण तोपर्यंत तरंगत राहण्यासाठी अंगावर काहीतरी हवे.

म्हणून जाड निओप्रीनचा, टाचेपासून डोक्यापर्यंत झाकणारा लाल-नारिंगी पोशाख बोटीवर प्रत्येकासाठी ठेवतात आणि तो एका मिनिटात अंगावर चढवण्याचा सराव करवून घेतात. 'बिग व्हॅली'वरून वाचलेला एकमेव खलाशी आणि 'स्कँडीज रोझ'वरून वाचलेले दोघे हे पोशाख घालून तराफ्यापर्यंत पोहोचले होते. त्या दोघांना काही तासांनी कोडियाकहून आलेल्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने उचलले. या पोशाखात काम करता येत नाही ही त्याची मर्यादा. त्यामुळे डेकवरून एकटाच माणूस पडला तर त्याच्या अंगावर तो नसतो, आणि अशा वेळी कामाच्या कपड्यांत शिवलेले किंवा पट्ट्यासारखे बांधलेले तरंगसाधनच उपयोगी पडते. आपल्याकडेही लाइफ जॅकेट केबिनमध्ये टांगलेले असते, अंगावर नसते. पाणी कोमट आहे म्हणून आपल्याला वेळ थोडा अधिक मिळेल. जॅकेटचे काम कोमट पाण्याने होत नाही.

प्रश्न : माझ्या भाच्याला मोबाइलवर एक जाहिरात आली आहे. अलास्कातील खेकड्यांच्या बोटीवर नोकरी, अनुभवाची गरज नाही, तीन महिन्यांत तीस लाख रुपये, नोंदणीसाठी आधी पंचेचाळीस हजार भरा. घरात दोन मते आहेत. काय करावे? (एक वाचिका, पुणे)

पैसे भरू नका. आपल्या पत्रातील तपशिलावरून ही फसवणूक आहे असे मी स्पष्टपणे म्हणतो.

अमेरिकी ध्वजाच्या मासेमारी बोटीवर काम करण्यासाठी त्या देशात काम करण्याचा कायदेशीर हक्क लागतो, आणि खलाशांत तेथील नागरिकांचेच प्रमाण मोठे असावे असे कायदा सांगतो. त्यावर अलास्का राज्याचा मासेमारी खलाशाचा परवाना स्वतंत्र काढावा लागतो. कप्तान माणूस निवडतो तो धक्क्यावर प्रत्यक्ष पाहून किंवा ओळखीच्याच्या शब्दावर. नोकरी देण्यासाठी तो पैसे घेत नाही. हजारो मैलांवरच्या, समुद्र न पाहिलेल्या मुलाला तो घरबसल्या नेमणार नाही, आणि नेमला तरी नवशिक्याचा वाटा हंगाम संपल्यावर मासळीच्या विक्रीवर ठरतो. आधी ठरलेला आकडा त्या धंद्यात नसतोच. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि व्यापारी जहाजांवर भरती करणाऱ्याला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्या जाहिरातदाराकडे नोंदणी क्रमांक मागा आणि तो ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहा. आधी भरलेले पैसे असतील तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. भाच्याला समुद्राचीच ओढ असेल तर ती चांगली गोष्ट आहे, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतून खलाशाचे प्राथमिक प्रशिक्षण घेण्याचा सरळ मार्ग येथेच उपलब्ध आहे.

प्रश्न : तेथील खेकडे संपले अशी बातमी मध्यंतरी वाचली होती. ते खरे आहे का? (निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी)

संपले नाहीत, परंतु अतिशय घटले. २०१८ ते २०२१ या काळात पूर्व बेरिंग समुद्रातून हजार कोटींहून अधिक हिम खेकडे नाहीसे झाले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये इतिहासात प्रथमच त्यांची मासेमारी बंद ठेवावी लागली. शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये मांडलेले कारण असे की २०१८ आणि २०१९ मध्ये समुद्र असाधारण तापला. थंड पाण्यातला हा प्राणी. पाणी तापले की त्याच्या शरीराची अन्नाची गरज वाढते. संख्या मोठी, राहायला जागा आटलेली आणि भूक वाढलेली, त्यामुळे बहुतेक उपासमारीने मेले. २०२४ मध्ये मासेमारी पुन्हा सुरू झाली ती सुमारे ४७ लाख पौंडांच्या मर्यादेवर, जी २०२० च्या हंगामात साडेचार कोटी पौंड होती. लाल किंग खेकड्याचा इतिहासही असाच आहे: १९८० मध्ये ब्रिस्टल उपसागरात सुमारे १३ कोटी पौंडांचे विक्रमी उत्पादन आणि १९८३ मध्ये संपूर्ण बंदी. मधली तीनच वर्षे. बंदीच्या काळात मालकाला कर्जाची मुदत वाढवून मिळते. वाट्यावर काम करणाऱ्या खलाशाला मात्र वाट्यासाठी मासळीच नसते, आणि तो किनाऱ्यावर सुतारकाम किंवा मालवाहू गाडी चालवण्याचे काम शोधतो. गेलेली माणसे पुष्कळदा परतत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर डेकवर पाय कोठे ठेवावा हे शिकवणारा अनुभवही जातो.

हर्णैच्या तांडेलांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर

बोटीचा तोल कमी होत असल्याची सर्वांत विश्वासार्ह खूण तिच्या हेलकाव्यात असते. बळकट तोलाची बोट चटकन आणि झटक्याने सरळ होते. त्रास देते, पण ती निरोगी असते. वर वजन चढले की हेलकावा सावकाश आणि मऊ होतो, आणि कललेल्या टोकाला बोट क्षणभर रेंगाळते. नवख्याला वाटते आज बोट सुखात चालली आहे. खरे तर तेव्हाच ताबडतोब वरचे वजन उतरवावे, ओली जाळी व दोर खाली घ्यावेत, अर्धी भरलेली टाकी एक तर पुरी भरावी किंवा रिकामी करावी आणि बुडाशी साचलेले पाणी उपसावे.

हे मोजताही येते. शांत पाण्यात, धक्क्यापासून दोर सैल सोडून आणि कोठे अडणार नाही अशी बोट ठेवून, चार-पाच माणसांनी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे एका तालात धावून तिला हलवावे आणि मग सारे मध्यभागी स्थिर उभे राहावे. एका बाजूला कलून, दुसरीकडे जाऊन पुन्हा पहिल्या बाजूला येणे म्हणजे एक पूर्ण हेलकावा. असे पाच हेलकावे घड्याळावर मोजून एकाचे सेकंद काढावेत. बोटीची रुंदी मीटरमध्ये जितकी, त्यापेक्षा हे सेकंद कमी भरले आणि डेक पाण्यापासून पुरेसे उंच असले, तर तोल बहुधा ठीक आहे. रुंदीच्या आकड्याला पोहोचले किंवा ओलांडून गेले तर तशी बोट बाहेर काढू नये. आतमध्ये हालणारे पाणी असेल तर हे माप फसवे ठरते, म्हणून मोजण्यापूर्वी बुडाचे पाणी काढून टाकावे. बोट रिकामी असताना एकदा आणि हंगामाच्या भाराने भरलेली असताना एकदा, असे दोन्ही आकडे तारखेसह बोटीच्या वहीत लिहून ठेवावेत, आणि मोठी विंच, नवे इंजिन, बर्फाची जादा पेटी किंवा केबिनवर नवे छप्पर, यांपैकी काहीही चढले की पुन्हा मोजावे.